होगे

होळी होऊन आठ दिवस झाले
आणि कणकुंबीच्या वरच्या अंगाला डोंगर अजून पेटलेला.
ज्वाळा दिसतात त्या फक्त रात्री,
अंधारावर कुणी पिवळ्या दोऱ्यानं
वाकडातिकडा धावदोरा घालत चालल्यासारख्या.
दिवसा नुसता धूर.
दिवसा सूर्य म्हणजे काजूचं लाल बोंड,
खालची बी कुणी पिरगाळून नेलेलं.

आमच्या उपकेंद्रात वाफेचं मशीन एकच.
डॉक्टर खानापूरहून मंगळवारी येतात, रांग रोज येते.
भरमूची सून, कडेवर दीड वर्षाचं.
लुमाण्णा सुतार, ज्यांनी जन्मभर भुसा गिळला
आणि आता म्हणतात, "लाकडाचा धूर मला काय करतंय गे?"
आणि म्हणता म्हणता उंबऱ्याला हात टेकून वाकतात.
एकाला दहा मिनिटं.
लाईट गेली की सगळे आहेत तिथंच थांबतात.
कुणाच्या छातीत मांजर, कुणाच्या छातीत पिपाणी,
ऐकत बसायचं.

घरी खिडक्यांना ओल्या साड्या.
संध्याकाळी पिळल्या की पाणी चहाच्या रंगाचं.
दुधाला वास, भाताला वास, लेकीच्या वेणीला.
ती सांगते, फळ्यावरचं दिसत नाही म्हटलं तर
बाई म्हणाल्या, मलाही नाही.
गवे खाली उतरलेत.
बांधाला उभे असतात,
मयताच्या दारात पुरुष उभे असतात तसे,
काय बोलावं ते न सुचून.

रजिस्टर कन्नडमधलं. आजाराच्या पुढं कारणाचा रकाना.
नवी होते तेव्हा गिरिजव्वा सिस्टरनी शिकवलं,
बेंकी म्हणजे आग, होगे म्हणजे धूर.
मला हसू आलं होतं.
आमच्यात बायका एकमेकींना असंच तर म्हणतात.
जेवलीस काय? हो गे.
बाजारला येतीस? हो गे.
आता दिवसाला तीसदा लिहिते,
होगे, होगे, होगे,
प्रत्येक नावापुढं मान डोलावल्यासारखं.

काल जंगल खात्याचा ईराप्पा आला.
भुवया जळालेल्या, हातात हिरव्या डहाळ्यांची झोडणी.
तांब्या एका दमात रिकामा केला
आणि मोडक्या मराठीत विचारलं,
"अक्का, पैला कुठं लागला? कोण बघितलं काय?"
रांग गप्प.
मी मशीनची नळी पुसत राहिले.

त्या गुरुवारी
तरव्याची जागा भाजायला आमचे हे निघाले
तेव्हा चुलीमागची काडीपेटी मीच दिली.
वारा नाही, म्हणाले. खरंच नव्हता.
दोरीवरची साडी हलत नव्हती.
सगळेच भाजतात. राख नसली तर रोप पिवळं पडतं.
तीन वाजता वारा आला.
हे परत आले ते अनवाणी,
आणि चपलांचं मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.
तेव्हापासून रोज रात्री झोडणी घेऊन
खात्याच्या माणसांबरोबर वर जातात.
पहाटे येतात, पाठ करून झोपतात,
खोकला उशीत दाबतात.

त्या दिवशी डोंगराला तीन ठिकाणी धूर होता.
मी परसातून मोजले होते, तीन.
त्या तिनावर डोकं ठेवून मी झोपते.

आज रांग संपल्यावर यांना बोलावलं. बसा म्हटलं.
मास्क चढवला, मशीन घरघरू लागलं.
पांढरी वाफ गालांवरून बाहेर येत होती
आणि यांनी डोळे मिटले नाहीत.
मी नाव घातलं. वय बेचाळीस. दम.
कारणाशी पेन थांबलं.
मास्कच्या आतून, कळेल न कळेल असं,
"आपलीच असंल काय गे?"

मी मान वर केली नाही.
रकान्यात लिहिलं,
रोज लिहिते तेच.